ऑर्डरच्या एका ओळीतून पुलीचं ड्रॉइंग

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत मशीन शॉप चालवणाऱ्याला हे चित्र नवं नाही. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) तोच, कास्टिंग तेच, बी सेक्शनची (व्ही-पट्ट्याच्या बी मापाची) तीन खाचांची पुली. पण वडगावच्या मागवाल्याला बोअर (शाफ्टचं भोक) २४ मिमी हवा, संकेश्वरकडच्या गुऱ्हाळवाल्याच्या चरकाचा शाफ्ट इंचातला, आणि शिरोलीहून आलेल्या ऑर्डरीत फक्त मोटरची फ्रेम (आकाराचा नंबर) लिहिलेली. ड्रॉइंग करणारा मागच्या महिन्याची फाइल उघडतो, 'सेव्ह अॅज' करतो, बोअर बदलतो, की-वे (चावीचा घाट) बदलतो, आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तसाच राहतो. कागद दिसायला स्वच्छ असतो. चूक कळते ती स्लॉटिंग (घाट कापणं) उरकल्यावर.

हे काम कॉम्प्युटरकडून करून घेता येतं, आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल, फ्रीकॅड आणि थोडं पायथन पुरतं. फ्रीकॅड हे मॉडेल आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून मॉडेल बदलल्यावर फीचर तुटण्याचा जुना त्रास बराच कमी झाला आहे, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती वापरू नका. ज्यांच्याकडे सॉलिडवर्क्स आहे त्यांना हेच डिझाइन टेबलने जमतं. खालचं गणित आणि कोष्टकं तीच राहतात. खरी मेहनत ड्रॉइंग काढण्यात नाहीच. ड्रॉइंग कधी काढायचं नाही, हे कॉम्प्युटरला शिकवण्यात आहे.

एकाच कुटुंबापासून सुरुवात

शॉपमधल्या सगळ्या जॉबना एकदम हात घालू नका. आकार तोच आणि आकडे वेगळे असा एक भाग निवडा: पुली, कपलिंग, सिलिंडरचा ग्लँड बुश, फ्लँज. इथे व्ही-बेल्टची पुली घेतली आहे, कारण तिच्यात मानकं, कास्टिंग आणि गिऱ्हाइकाची मर्जी तिन्ही एकत्र येतात.

या भागाची मागची तीसेक ड्रॉइंग टेबलावर पसरा आणि बदललेल्या प्रत्येक मापावर लाल खूण करा. मापांचे चार गट आपोआप वेगळे होतील. काही गिऱ्हाईक सांगतो: सेक्शन, खाचा, पिच व्यास (पट्टा ज्या रेषेवर चालतो तिचा व्यास), बोअर, आरपीएम, नग. काही कोष्टकातून येतात: खाचेचा कोन, चावीचं माप, टॉलरन्स. काही निव्वळ बेरीज-वजाबाकी असतात: बाहेरचा व्यास, रुंदी. उरलेली पॅटर्नने ठरवलेली असतात: हबचा (बोअरभोवतालच्या जाड भागाचा) व्यास, कोअरचं (ओततानाच ठेवलेलं) भोक, रिमचा (खाचांच्या कड्याचा) आतला व्यास. हा चौथा गट पॅटर्न नंबराखाली एका वेगळ्या शीटमध्ये नोंदवून ठेवा. बहुतेक शॉपमध्ये ही माहिती फौंड्रीवाल्याच्या डोक्यात किंवा पॅटर्नवरच्या खडूच्या खुणेत असते, आणि ऑटोमेशन तिथेच अडतं.

ऑर्डरची ओळ

एक ऑर्डर म्हणजे शीटमधली एक ओळ. रकाने असे: ड्रॉइंग नंबर, पॅटर्न नंबर, सेक्शन, खाचा, पिच व्यास, मोटर फ्रेम किंवा बोअर, आरपीएम, नग, रिव्हिजन. सेक्शन, खाचा आणि फ्रेम हे तीन रकाने ड्रॉपडाउनचे ठेवा.

ड्रॉइंग नंबर अक्षराने सुरू करा. '३-८' असा नंबर टाकलात तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आणि शून्याने सुरू होणाऱ्या नंबराचं शून्य गाळतं. 'पीबी००४७' अशा नंबराला काही होत नाही.

आपल्या भागात व्हॉट्सअॅपवरून आलेला आकडा कधी देवनागरीत असतो, कधी कन्नडमध्ये. पायथन दोन्ही लिप्यांमधला ३८ आकडा म्हणून बिनतक्रार वाचतं. शीटमध्ये मात्र तो मजकूर म्हणून बसलेला असू शकतो. इझ-नंबर फंक्शनने तपासणारा एक रकाना ठेवा. तो 'खोटं' म्हणाला की ओळ पुढे जाणार नाही.

'आठ इंची पुली' हे माप नव्हे, बोलण्याची रीत आहे. आठ इंच म्हणजे २०३.२ मिमी, पण तो बाहेरचा व्यास की पिच व्यास? बी सेक्शनच्या २०० पिच व्यासाच्या पुलीचा बाहेरचा व्यास २०७ येतो. या दोहोंतल्या फरकाने चरकाचा वेग बदलतो. म्हणून फॉर्ममध्ये दोन रकाने ठेवा आणि दोन्ही भरता येणार नाहीत अशी अट घाला.

सुताचा मामला आणखी नाजूक. एक इंच चार सूत म्हणजे दीड इंच, ३८.१ मिमी. मेट्रिक कोष्टकात ३८ ला १० ची चावी आहे आणि ३८ च्या वर १२ ची, म्हणून ३८.१ टाकलात तर कोष्टक १२ ची चावी देईल. दीड इंची शाफ्टवर बहुधा असते ती तीन अष्टमांश इंचाची चावी, म्हणजे ९.५२५ मिमी. थोडक्यात, दोन्ही उत्तरं चूक. इंचातला बोअर आला की कोष्टक वापरूच नका. शाफ्टचा व्यास आणि चावीचा घाट मोजून आणायला सांगा आणि ते आकडे हाताने भरायला वेगळा रकाना ठेवा.

कोष्टकं

खाचेचं कोष्टक लहान आहे. ए सेक्शनला पिच रुंदी ११ मिमी, पिच रेषेच्या वर किमान २.७५, खाली किमान ८.७, दोन खाचांमधलं अंतर १५. पिच व्यास ११८ पर्यंत कोन ३४ अंश, त्याच्या वर ३८. बी सेक्शनला पिच रुंदी १४, वर ३.५, खाली १०.८, अंतर १९. १९० पर्यंत ३४ अंश, वर ३८. टोकाच्या खाचेचं मध्य ते पुलीची कड हे अंतर ए साठी १० आणि बी साठी १२.५ धरा. त्याच पुलीवर एसपीबी (बी पेक्षा जाड जातीचा) पट्टाही बसायला हवा असेल तर पिच रेषेखालची खोली १४ लागते, एसपीए साठी ११. बरेच जण दोन्ही पट्टे चालावेत म्हणून खोल खाचच करतात. ते ठीक आहे, पण त्याचे दोन परिणाम होतात, ते पुढे येतीलच.

मोटरच्या फ्रेमवरून बोअर आणि चावी अशी:

९० फ्रेम: शाफ्ट २४, चावी ८ × ७, बोअरच्या तळापासून घाटाच्या माथ्यापर्यंत २७.३
१०० आणि ११२ फ्रेम: २८, ८ × ७, ३१.३
१३२ फ्रेम: ३८, १० × ८, ४१.३
१६० फ्रेम: ४२, १२ × ८, ४५.३
१८० फ्रेम: ४८, १४ × ९, ५१.८
२०० फ्रेम: ५५, १६ × १०, ५९.३

घाटाच्या या उंचीला अधिक ०.२, उणे शून्य. रुंदीला जेएस९ (टॉलरन्सचा दर्जा): ८ आणि १० ला अधिक-उणे ०.०१८, १२ ते १८ ला अधिक-उणे ०.०२१५. बोअर एच७: २४ आणि २८ ला अधिक ०.०२१, ३८ ते ४८ ला अधिक ०.०२५, ५५ ला अधिक ०.०३०. खालची मर्यादा सगळीकडे शून्य.

आता या कामातली सगळ्यात महाग चूक. फ्रेम दिलेली नसेल तेव्हा बोअरवरून चावी शोधायला बहुतेक जण व्ही-लुकअप लावतात. कोष्टकाच्या पहिल्या रकान्यात २२, ३०, ३८, ४४, ५० अशा खालच्या मर्यादा लिहितात आणि 'जवळचा मेळ' घेतात. बोअर ४० टाकून बघतात, १२ × ८ येतं, बरोबर. बोअर ३५ टाकतात, १० × ८, तेही बरोबर. शीट चालू होतं. मानकातली ओळ मात्र '३० च्या वर, ३८ पर्यंत, ३८ धरून' अशी आहे. व्ही-लुकअपला ३८ हा आकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला सापडतो आणि तो १२ × ८ देऊन मोकळा होतो. ३८ हा काही अडगळीतला बोअर नव्हे. १४४० आरपीएमच्या साडेसात आणि दहा अश्वशक्तीच्या मोटरचा, म्हणजे १३२ फ्रेमचा, शाफ्ट ३८ चाच असतो. चाचणीत सापडत नाही आणि रोजच्या ऑर्डरीत हमखास येते, अशी ही चूक आहे. एकदा १२ चा घाट कापला की पुली भंगारात.

यावर उपाय सोपा: कोष्टकात वरच्या मर्यादा लिहा (३०, ३८, ४४, ५०, ५८, ६५) आणि एक्स-लुकअपला 'तोच किंवा त्याहून मोठा' असं सांगा. एक्सेल जुनं असेल तर खालच्या मर्यादा ३०.००१, ३८.००१ अशा लिहा. खाचेच्या कोनाला ११८ आणि १९० वर, एच७ ला ३० आणि ५० वर, जेएस९ ला १० वर हाच सापळा आहे. चाचणी घेताना नेमके हेच सीमेवरचे आकडे टाकून बघा.

एक पुली अथपासून इतिपर्यंत

बी सेक्शन, तीन खाचा, पिच व्यास २००, १३२एम मोटर, १४४० आरपीएम, खोल खाच.

बाहेरचा व्यास: २०० अधिक ३.५ ची दुप्पट, म्हणजे २०७. रुंदी: दोन अंतरं गुणिले १९, अधिक १२.५ ची दुप्पट, म्हणजे ६३. पिच व्यास १९० च्या वर, म्हणून कोन ३८ अंश. खाचेच्या तोंडाची रुंदी: १४ अधिक ७ गुणिले १९ अंशाची टॅन, म्हणजे १६.४१. खोली ३.५ अधिक १४, म्हणजे १७.५. तळाची रुंदी: १६.४१ वजा ३५ गुणिले ०.३४४३, म्हणजे ४.३६.

हा शेवटचा आकडा ड्रॉइंगवर कुणी देत नाही, पण शीटने तो काढलाच पाहिजे. ४ मिमीचा ग्रूव्हिंग इन्सर्ट या खाचेत जेमतेम बसतो. हीच गोष्ट ए सेक्शनच्या खोल खाचेत ३८ अंशाला केली तर तळ ३.४२ येतो आणि ४ चा इन्सर्ट तिथे जातच नाही. ३ चा घ्यावा लागतो. टूल कुठलं हे शीटनेच लिहावं. सेटरने मशीनवर उभं राहून ठरवायची गोष्ट नव्हे ती.

खाचांची मध्य-अंतरं साखळीसारखी देऊ नका. एकाच फेसपासून द्या: १२.५, ३१.५, ५०.५. सीएनसीचं झेड माप तसंच चालतं, आणि ऑपरेटरला बेरीज करावी लागत नाही.

नकार देणारे नियम

शीटमध्ये 'पास' नावाचा एक रकाना ठेवा. खालच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरच तिथे 'हो' येईल, आणि मॅक्रो (ड्रॉइंग काढणारा छोटा पायथन प्रोग्राम) फक्त 'हो' असलेली ओळ उचलेल.

हबची भिंत. हबचा व्यास ७५, बोअर ३८: एका बाजूला भिंत १८.५, त्यातून घाटाचे ३.३ गेले, उरले १५.२. बोअरच्या एक तृतीयांशाहून, म्हणजे १२.७ हून जास्त, म्हणून पास. त्याच कास्टिंगला ४८ चा बोअर मागितला तर भिंत १३.५, घाटाचे ३.८ वजा जाता ९.७ उरतात आणि हवेत १६. नापास. एक तृतीयांशाचा हा आकडा मानकातला नाही. शॉपने सावधपणे ठरवायचा नियम आहे. आपल्या अनुभवाप्रमाणे तो कमी-जास्त करा, पण नियम असू द्या.

कोअरचं भोक. बोअर वजा कोअर किमान ६ मिमी हवं, म्हणजे एका बाजूला ३. कोअर ३४ चा आणि बोअर ३८ चा असेल तर कोअर थोडा सरकला तरी बोअरमध्ये काळा पट्टा राहतो.

रिमची जाडी. खोल खाचेचा पहिला परिणाम वर आला, इन्सर्टचा. हा दुसरा. पॅटर्न साध्या बी खाचेसाठी, १४.३ खोलीचा, केलेला असेल आणि खाच १७.५ कापली तर खाचेखालचा रिम प्रत्येक बाजूला ३.२ ने पातळ होतो. बाहेरचा व्यास २०७ असताना तळाचा व्यास १७२. त्यातून पॅटर्नचा रिमचा आतला व्यास वजा करा, निम्मं करा आणि किमान ८ मिमी आहे का बघा.

कडेचा वेग. बाहेरचा व्यास गुणिले पाय गुणिले आरपीएम, भागिले ६०,०००. आपल्या पुलीला सेकंदाला १५.६ मीटर येतो. पिच व्यास ४५० ची पुली १४४० ला फिरवली तर ३४.५ च्या घरात जातो. साध्या ग्रे कास्ट आयर्नला ३० वर थांबावं. त्याच्या वर गेलं तर ड्रॉइंग निघणार नाही, गिऱ्हाइकाला फोन जाईल.

नापासचं कारण त्याच ओळीत शब्दांत यावं: 'हबची भिंत ९.७, हवी १६'. नुसती लाल चौकट पुरत नाही. कारण दिसलं नाही की माणूस अट बंद करण्याची वाट शोधतो.

मास्टर मॉडेल

फ्रीकॅडमध्ये नवी फाइल, तिच्यात एक स्प्रेडशीट, आणि प्रत्येक मापाच्या चौकटीला रोमन लिपीत उपनाव. चौकटीच्या पत्त्यासारखं दिसणारं उपनाव चालत नाही. म्हणजे 'डीपी१' नाकारलं जातं, कारण डीपी नावाचा स्तंभ खरंच असतो. 'पिचडाया', 'हबडाया' अशी सलग नावं द्या. एकक एक तर सगळीकडे लिहा, नाही तर कुठेच नको. '३८ मिमी अधिक नुसतं ३.३' यावर फ्रीकॅड अडतं.

अर्ध्या छेदाचं स्केच काढा, पुलीचा अक्ष मूळ अक्षावर, तयार फेस शून्यावर. ते फिरवून घन करा. खाचेचं वेगळं स्केच, एकदाच, फिरवून कापा आणि अक्षाच्या दिशेने लिनिअर पॅटर्न द्या. की-वे सगळ्यात शेवटी, म्हणजे तो लपवून फक्त टर्निंगचं मॉडेल दाखवता येतं. प्रत्येक कंस्ट्रेंट उपनावाला बांधा. हाताने टाकलेला एकही आकडा स्केचमध्ये उरू देऊ नका. हे तपासायचं तर स्प्रेडशीटमधली सगळी मापं एकदम विचित्र करा (पिच व्यास ३१७, बोअर २९) आणि काय हललं नाही ते बघा.

पान

टेकड्रॉमध्ये (फ्रीकॅडच्या ड्रॉइंगच्या भागात) ए४ पान, फर्स्ट अँगल, चिन्हासकट. इथला खड्डा ठाऊक असलेला बरा: ड्रॉइंगवरची मापं मॉडेलच्या कडांना क्रमांकाने बांधलेली असतात. व्यास बदलला तर क्रमांक तेच राहतात. खाचा तीनाच्या चार झाल्या की कडा वाढतात, क्रमांक सरकतात, आणि हबच्या व्यासाचं माप भलत्याच रेषेला जाऊन चिकटतं. कधी ते लाल होऊन ओरडतं, कधी गुपचूप चुकीचा आकडा दाखवतं. एकाच मास्टरमधून सगळं काढायचा मोह सोडा. एक ते पाच खाचांचे पाच मास्टर करा. एक दिवस जास्त जातो, पुढे डोकेदुखी नाही.

मापांच्या जागी अक्षरं लिहून बाजूला कोष्टक द्यायचं, ही दुसरी पद्धत आहे. ऑटोमेशनला ती फार सोयीची, ऑपरेटरला नाही. रात्रपाळीत 'डी३ म्हणजे किती' हे शोधायला लावणं म्हणजे चूक मागून घेणं.

पानं दोन करा. पहिलं टर्निंगचं: खाचा, बोअर, हब, फेस, बोअरला आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) १.६, खाचेच्या भिंतींना आरए ३.२, कोनाला अधिक-उणे अर्धा अंश. दुसरं स्लॉटिंगचं: फक्त बोअर, घाटाची रुंदी आणि उंची. लेथवाल्याला घाटाचं काम नाही, आणि स्लॉटरवाल्यापुढे तीनच आकडे असले तर तो चुकत नाही.

भाषेचं म्हणाल तर एकाच शेडमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं असतात. ड्रॉइंगवर वाक्यं कमीत कमी, चिन्हं आणि आकडे जास्तीत जास्त. देवनागरी सूचना पीडीएफपुरती ठेवा. डीएक्सएफमध्ये (दुसऱ्या कॅड-कॅमला द्यायच्या रेषांच्या फाइलमध्ये) ती गेली की समोरच्या फॉन्टप्रमाणे चौकोन नाही तर प्रश्नचिन्हं दिसतात.

मॅक्रो

मॅक्रोचं काम क्रमाने असं. शीटची सीएसव्ही वाच. 'पास' रकान्यात 'हो' नसलेली ओळ सोड. खाचांप्रमाणे मास्टर उघड. आकडे उपनावांच्या चौकटीत भर. रिकम्प्यूट कर (मॉडेल नव्याने मोज). टायटल ब्लॉक भर. ड्रॉइंग नंबराच्या नावाने फाइल साठव. पीडीएफ काढ. मास्टर न साठवता बंद कर. इतकंच. पायथनच्या पन्नास-साठ ओळींत बसतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, टायटल ब्लॉक. टेम्प्लेटच्या मजकुराची यादी मागितली की फ्रीकॅड तिची प्रत देतं. त्या प्रतीत नंबर बदलून ती पूर्ण यादी टेम्प्लेटला परत सोपवावी लागते. ही एक ओळ राहिली तर मापं नवी आणि नंबर मास्टरचाच, असं ड्रॉइंग निघतं. दुसरं, व्ह्यूच्या रेषांची आकडेमोड पार्श्वभूमीत वेगळी चालते. रिकम्प्यूट झाल्या झाल्या पीडीएफ काढलीत तर आधीच्या पुलीचं चित्र छापलं जाऊ शकतं. म्हणून दोन फेऱ्या करा: पहिल्या फेरीत सगळ्या फाइल साठवा, दुसरीत एकेक उघडा, चित्र पूर्ण होईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, मग पीडीएफ. तिसरं, पीडीएफ काढायला खिडकीसकट फ्रीकॅड लागतं. नुसत्या कमांड लाइनवर ते होत नाही.

ऑटोकॅडवाल्यांनी एक्सेलमधूनच स्क्रिप्ट फाइल लिहून रेषा काढायची जुनी युक्ती वापरायला हरकत नाही. फक्त स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ऑब्जेक्ट स्नॅप बंद करा. चालू राहिला तर बिंदू दिलेल्या ठिकाणी न पडता शेजारच्या रेषेच्या टोकाला जाऊन बसतो, आणि झूम कमी असेल तर हमखास.

मशीनकडे

कॅमसाठी (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) डीएक्सएफ पानावरून काढू नका. पान १:२ वर मांडलेलं असेल तर प्रोफाइलही अर्धा जाण्याची भीती. तो स्केचवरून काढा: अर्धा छेद, १:१, एकच सलग रेषा, मापं आणि सेंटरलाइन वगळून. डीएक्सएफच्या हेडरमध्ये एककाचा संकेत ४ म्हणजे मिलिमीटर, १ म्हणजे इंच. तो चुकला की जॉब २५.४ पट. हा डीएक्सएफ त्रिज्येत असतो आणि लेथवरचा एक्स व्यासात. कॅम हे सांभाळतं, हाताने प्रोग्राम लिहिणाऱ्याने दुप्पट करायचं विसरू नये.

टॉलरन्स कुठे मिसळायचा हे एकदाच ठरवा. ड्रॉइंगवर ३८ एच७ राहू द्या, पण डीएक्सएफमध्ये बोअर मधल्या मापावर, ३८.०१२५ वर काढा. तेच ऑपरेटरने ऑफसेटमध्ये किंवा प्रोग्रॅमरने कॅममध्ये पुन्हा केलं तर बोअर वरच्या मर्यादेवर जाऊन टेकतो. टर्निंगच्या पानावर एक ओळ लिहा: 'प्रोफाइल मधल्या मापावर'.

पुलीसारख्या कुटुंबाला कॅमही लागत नाही. सीएनसीच्या फॅनक कंट्रोलवर मॅक्रोची, म्हणजे प्रोग्राममध्ये चलं वापरण्याची, सोय असेल तर एकच प्रोग्राम ठेवा आणि शीटमधून फक्त चलांची यादी लिहा: हॅश १०१ मध्ये बाहेरचा व्यास, १०२ मध्ये खाचा, १०३ मध्ये निम्मा कोन, अशी. तीन पथ्यं. आकडा नेहमी दशांश चिन्हासकट, तीन स्थळांपर्यंत लिहा. प्रोग्राममध्ये थेट लिहिलेला 'एक्स ३८' काही सेटिंगवर ३८ मिमी नसून ३८ मायक्रॉन वाचला जातो, आणि एक्सेलला शेवटची शून्यं गाळायची खोडच आहे. दुसरं, हॅश १०० च्या घरातली चलं मशीन बंद केलं की रिकामी होतात. रिकाम्या चलाने लिहिलेला एक्स फॅनक शून्य धरत नाही, तो पत्ता चक्क सोडून देतं, आणि टूल भलत्याच वाटेने जातं. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला प्रत्येक चल हॅश शून्याशी ताडून बघा आणि रिकामं असेल तर हॅश ३००० ने अलार्म द्या. तिसरं, ग्रूव्हिंग टूलचा झेड कुठल्या कोपऱ्यावर सेट केला आहे ते लिहा. ४ चा इन्सर्ट डाव्या कोपऱ्यावर सेट असेल आणि आकडे खाचेच्या मध्याचे असतील, तर सगळ्या खाचा एकजात २ मिमी सरकतात. अंतर १९ बरोबर भरतं, त्यामुळे व्हर्नियर लावूनही कळत नाही. पुली शाफ्टवर चढल्यावर पट्टा तिरका दिसतो.

पहिला नग आणि दुरुस्ती

प्रत्येक ओळीचा पहिला नग पूर्ण मोजा: बोअर प्लग गेजने, घाट स्लिपने, खाच टेम्प्लेटने, पहिल्या खाचेचं मध्य फेसपासून. मोजलेले आकडे त्याच शीटमध्ये ड्रॉइंगच्या मापाशेजारी भरा, वेगळ्या वहीत नको.

कोष्टकात चूक सापडली तर कोष्टकाचा रिव्हिजन नंबर वाढवा. तो प्रत्येक ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये आधीपासून छापलेला असेल तर जुन्या कोष्टकावर निघालेली सगळी ड्रॉइंग एका फिल्टरने समोर येतात. त्यांतली कुठली मशीनवर चढली आहेत आणि कुठली काकतीच्या जॉबवर्कवाल्याकडे गेली आहेत ते बघा, त्याला आधी फोन करा, आणि नवी पीडीएफ पाठवताना जुना कागद परत मागवून घ्या.